कूलंटची टाकी गळते तेव्हा: ओळखण्यापासून बदलण्यापर्यंत

मागच्या मे महिन्यात ठाण्याहून नाशिकला निघालो होतो. कसारा घाटाचा चढ, पुढे ट्रकांची रांग, एसी चालू, मागच्या सीटवर आई. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढत असताना डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची टाकी जोडावरच फुटली होती. तीन महिन्यांपूर्वी त्याच जोडावर एका गॅरेजमध्ये एपॉक्सी पुट्टी लावून दिली होती. ती पुट्टी अख्खीच्या अख्खी सुटून खालच्या कव्हरवर पडलेली सापडली.

आईला दीड तास उन्हात बसावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. टाकी तीन महिने सांगत होती, मला ते वाचता आलं नाही. नंतर टाकी मी स्वतः बदलली. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, ते बाजूला उभे राहून सांगत होते. प्रत्यक्ष काम तासाभराचं निघालं. पण कुठली टाकी घ्यायची, कुठलं कूलंट, कॅप पण बदलायची का, हे समजून घेण्यात आठवडा गेला. तुमचा तो आठवडा वाचावा म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी: गरम गाडीची कॅप उघडू नका

कूलिंग सिस्टिम दाबाखाली चालते. बहुतेक गाड्यांत हा दाब साधारण १ बारच्या आसपास असतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी जवळपास १२० अंशांना उकळतं. तुम्ही कॅप फिरवता त्या क्षणी दाब जातो, आतलं कूलंट एकदम उकळतं आणि थेट तोंडावर, हातावर येतं. जाड फडकं धरून उघडलं तरी हात वाचत नाही. इंजिन बंद करून किमान एक तास थांबा. रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताला थंड लागला पाहिजे आणि दाबला की सहज दबला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात, ओढणी, सैल बाही त्याच्यापासून लांब ठेवा. आणि कूलंट विषारी आहे. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि लहान मुलंही तोंडात घालू शकतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कोणी प्यायलं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्या, जाताना कूलंटचा कॅन सोबत घ्या.

१. गळतंय ते कूलंटच आहे का, हे बघा

काकांनी पहिलं वाक्य सांगितलं ते हे: "आधी पुठ्ठा टाक." रात्री गाडी लावल्यावर इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय, कसा आहे ते पाहा.

एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि एसी लावला नसेल तेव्हा ते पडत नाही. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं असतं, बोटांमध्ये चोळलं तर बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो. चव घेऊन ओळखा असं सांगणारे लोक मला भेटलेत. तसं कधीही करू नका.

मग टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी असताना बघा. संध्याकाळी गाडी चालवून आल्यावर पाहिलं तर पातळी वर दिसते, कारण तापलेलं कूलंट प्रसरण पावतं. सकाळची आणि संध्याकाळची पातळी एकमेकींशी ताडून पाहिली की उगाच गोंधळ होतो. चार-पाच सकाळी पातळी उतरतच राहिली, तर गळती आहे.

इथे एक सापळा आहे. काच धुण्याच्या पाण्याची बाटलीही तशाच पांढुरक्या प्लॅस्टिकची, बऱ्याचदा जवळच असते. तिच्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, कूलंटच्या झाकणावर थर्मामीटर किंवा वाफेचं. ओतण्याआधी झाकण वाचा.

२. तुमची टाकी कोणत्या प्रकारची आहे?

हे कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

पहिला प्रकार साध्या बाटलीचा. रेडिएटरवर वेगळी धातूची कॅप असते आणि तिच्या गळ्यापासून एक बारीक नळी बाटलीत येते. इंजिन तापलं की जादा कूलंट या नळीतून बाटलीत येतं, थंड झालं की तेच परत ओढलं जातं. बाटलीवर दाब नसतो, तिचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान हॅचबॅकमध्ये, विशेषतः जपानी धाटणीच्या इंजिनांत, हीच रचना दिसते.

दुसरा प्रकार दाबाच्या टाकीचा. रेडिएटरवर कॅपच नसते. टाकीलाच जाड, आटे असलेली, इशारा छापलेली कॅप असते, आणि टाकीच्या बुडाला जाड होज जोडलेला असतो. इथे टाकी सिस्टिमचाच भाग आहे, इंजिनात जो दाब आणि जी उष्णता तीच टाकीत. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ही असते. माझ्या गाडीत हीच होती.

साध्या बाटलीला तडा गेला तर गाडी लगेच तापत नाही, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. नळीचं टोक बाटलीतल्या कूलंटमध्ये बुडालेलं असावं लागतं. बाटली रिकामी झाली की थंड होताना रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो आणि रोज थोडा थोडा रिता होत जातो. दाबाच्या टाकीला तडा गेला तर मात्र वेळ फार थोडा असतो. दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं, आणि चढावर नेमकं तेच होतं.

३. खरंच टाकीच गळतेय का?

टाकी बदलली आणि गळती तशीच राहिली, असं पुष्कळांचं होतं. टाकीत पातळी कमी दिसते म्हणून दोष तिच्यावर जातो, पण कूलंट दुसरीकडून जात असू शकतं.

थंड इंजिनावर टाकी कोरड्या फडक्याने पुसा. टॉर्च घेऊन हे पाहा: दोन अर्ध्या भागांचा आडवा जोड, नळ्या बसतात ती तोंडं, कॅपचा गळा, सेन्सर असेल तर त्याची जागा, आणि टाकी ब्रॅकेटवर टेकते तो कोपरा. वाळलेलं कूलंट पांढरट किंवा गुलाबी-हिरवट खरवडीसारखं दिसतं. माझ्या टाकीच्या जोडावर अशी बोटभर लांब खरवड होती आणि मी ती धूळ समजून पुसत होते. शंका असेल तिथे टिश्यू पेपर गुंडाळून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, मग बंद करून पाहा.

याने कळलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून मागा. कॅपच्या जागी हातपंप लावून, थंड इंजिनावर, कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते पाहतात. त्यासाठी पैसे लागले तरी द्या. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

इतर जागा थोडक्यात: साध्या बाटलीच्या गाडीत पुष्कळदा बाटली चांगली असते, ती बारीक नळीच टोकाला चिरलेली असते. वॉटर पंपाखाली डाग असेल तर पंपाचं सील गेलेलं असू शकतं. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट चिकट ओलं असेल आणि काचेवर तेलकट धुकं येत असेल, तर हीटरच्या जाळीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे, थांबता न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळलेलं, थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत होज दगडासारखा कडक, अशी लक्षणं असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासून घ्या. तिथे टाकी बदलण्यात अर्थ नाही, कारण नव्या टाकीलाही तोच मार बसेल.

४. चिकटवायची की बदलायची?

बहुतेक टाक्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. बुडाजवळ बाणाच्या खुणांमध्ये "पीपी" अशी इंग्रजी अक्षरं उठावात दिसतात. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला साधा गोंद, इन्स्टंट ग्लू किंवा एपॉक्सी धरत नाही. वरून छान कडक झाल्यासारखं वाटतं, आत पकड नसते. त्यात रोजचं तापणं आणि गार होणं, दाब, इंजिनाची थरथर. माझी पुट्टी तीन महिने टिकली हेच जास्त झालं.

प्लॅस्टिक वेल्डिंग हा त्यातल्या त्यात खरा उपाय. त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून तडा भरतात. साध्या बाटलीवर नीट केलं तर चालून जातं. पण वर्षानुवर्षं तापून पिवळी-तपकिरी पडलेली टाकी ठिसूळ झालेली असते, वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा जातो. म्हणून माझं स्पष्ट मत: दाबाची टाकी गळली की बदला. चिकटवायची तर फक्त घरापर्यंत पोहोचण्यापुरती.

जुने ड्रायव्हर रेडिएटरला गळती लागली की त्यात हळद टाकायचे, डिझेलच्या टाकीच्या चिरेत साबण भरायचे. त्या काळात जाड नळ्यांच्या रेडिएटरला हळद सोसायची. आताच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या फार अरुंद असतात, हळदीचा किंवा बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरीचा गाळ तिथे बसतो आणि टाकीचा तडा तसाच राहतो.

५. कागद आणि सामान

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला जा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत बॅटरीसाठी वेगळं कूलंट असतं, तिथेही स्वतः हात घालू नका.

पार्ट मागवताना हे जवळ ठेवा:

- आरसी, कारण तिच्यावरच्या १७ अक्षर-अंकी चेसिस नंबरावरून नेमका पार्ट नंबर निघतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीची टाकी वेगळी असू शकते.
- गाडीचं मॅन्युअल. कूलंटचा प्रकार आणि हवा काढण्याची पद्धत त्यात असते.
- जुन्या टाकीचे सगळ्या बाजूंनी फोटो, कॅपवरच्या आकड्याचा फोटो.
- नव्या पार्टचं बिल. परत करायची वेळ येते.

साधी बाटली काही शे रुपयांत येते. दाबाची टाकी महाग असते, गाडीप्रमाणे भाव हजारांतही जातो. पुण्यात नाना पेठेसारख्या स्पेअर पार्टच्या बाजारात लोकल टाक्याही मिळतात. साध्या बाटलीला लोकल चालेल, दाबाच्या टाकीला मी कंपनीचाच पार्ट घेईन. वापरलेली टाकी घेऊ नका, ती तुमच्या टाकीएवढीच म्हातारी असते.

कॅप टाकीसोबतच बदला. कॅपमध्ये दाब सोडणारी आणि हवा आत घेणारी अशा दोन झडपा असतात. झडप अडकली तर दाब वाढून नवी टाकीही फुटते. कॅपवर ०.९, १.१ किंवा ८८, १०८ असा दाबाचा आकडा असतो. नव्या कॅपवर तोच हवा, जास्त आकड्याची "मजबूत" कॅप नको.

कूलंटच्या बाबतीत रंगावर जाऊ नका. रंग कंपनी ठरवते, रंगाचा प्रकाराशी पक्का संबंध नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या, कॅनवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखा मानकाचा उल्लेख पाहा. दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक घटक निकामी होऊ शकतात, कधी गाळही धरतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणीच टाका" असं सांगणारे भेटतील. पण गंज रोखणं आणि उकळण्याचा बिंदू वाढवणं ही कामं ठाण्या-नागपुरातही लागतात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, ते कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांना उपयोगी. तयार मिश्रण असेल तर पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर कॅनवरच्या प्रमाणात, तेही बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात.

हत्यारं फारशी लागत नाहीत: १० नंबरचा पाना आणि गोटी म्हणजे सॉकेट (बहुतेक बोल्ट याच मापाचे), पकड, स्क्रू ड्रायव्हर, जुनं घमेलं, मोठी सिरिंज, नरसाळं, रबरी हातमोजे, फडकी, टॉर्च आणि चार नवे क्लिप.

६. जुनी टाकी काढणं

इंजिन थंड, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. आधी प्रत्येक नळीचा फोटो काढा. कॅप हळूहळू फिरवा, फुस्स आवाज आला तर थांबा, मग पूर्ण काढा. सिरिंजने टाकी रिकामी करा. दाबाच्या टाकीत बुडाचा होज सुटला की इंजिनातलंही थोडं कूलंट येतं, म्हणून खाली घमेलं आधीच हवं.

स्प्रिंगच्या क्लिपचे दोन कान पकडीने दाबून क्लिप होजवर मागे सरकवा. होज ओढायचा नाही, आधी डावी-उजवीकडे पिळून सोडवायचा. अडकला असेल तर त्यावर कोमट पाणी टाका, रबर सैल होतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. जुन्या टाकीचं तोंड तुटलं तर चालेल, पण रेडिएटरच्या बाजूचं प्लॅस्टिक तोंड तुटलं तर रेडिएटर बदलावा लागतो. सुटलेले होज उभे करून दोरीने बांधा.

सेन्सरचा कनेक्टर असेल तर लॉक दाबून काढा, वायर धरून नाही. बोल्ट सोडण्याआधी खाली फडकं पसरा. एक बोल्ट खालच्या कव्हरमध्ये पडला आणि माझा अर्धा तास त्यात गेला.

७. नवी बसवणं

नवी टाकी आतून डिस्टिल्ड वॉटरने विसळा, प्लॅस्टिकचे बारीक कण निघतात. जुनीच्या शेजारी ठेवून सगळी तोंडं, सेन्सर आणि खाचा जुळतात का ते पाहा. होजची टोकं फुगलेली किंवा चिरलेली असतील तर आत्ताच बदला. होज तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण जायला हवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी. स्क्रूची क्लिप रबर दाबलं जाईल एवढीच आवळा. जास्त आवळल्याने तोंडाला तडा जातो आणि ती गळती महिन्याभराने दिसते. टाकीचे बोल्टही हाताच्या बेताने.

८. भरणं आणि हवा काढणं

नवखे इथेच सगळ्यात जास्त चुकतात. आत हवा अडकली तर टाकी भरलेली दिसते आणि इंजिन मात्र तापतं.

साध्या बाटलीच्या गाडीत आधी रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, मग बाटली "फुल"च्या खुणेपर्यंत. फक्त बाटली भरून गाडी बाहेर काढू नका. दाबाच्या टाकीत "मॅक्स"पर्यंत हळूहळू ओता. तिच्यात वरची जागा प्रसरणासाठी मोकळी ठेवायची असते, गळ्यापर्यंत भरायची नाही. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून भरा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा.

आता हीटर पूर्ण गरमवर, पंखा कमी वेगावर. वरचा होज काही वेळा हाताने दाबून सोडा. इंजिन थंड असतानाच सुरू करा, पातळी उतरेल तसं घालत जा आणि इंजिन तापायच्या आत कॅप लावा. काही गाड्यांची पद्धत वेगळी असते, तिथे मॅन्युअल सांगेल ते प्रमाण. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर बहुधा अजून हवा अडकली आहे. मग इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पातळी पाहा, लागेल तेवढं घाला.

पहिले दोन-तीन दिवस उरलेली हवा निघाल्याने पातळी थोडी उतरते. आठवड्यानंतरही उतरत राहिली तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा. पंधरा दिवसांनी क्लिप एकदा तपासा. जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि ते घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने पुसून काढा.

रस्त्यातच लाल दिवा लागला तर

बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, थंडीचा निळा आणि तापल्याचा लाल असे दोन दिवेच असतात. लाल लागला म्हणजे उशीर झालेला असतो. काटा असेल आणि तो नेहमीपेक्षा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा, हीटर पूर्ण गरमवर लावा. इंजिनाची थोडी उष्णता आत येते, घामाघूम व्हाल, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंतचा वेळ मिळतो. लाल दिसला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. कूलंट पूर्ण गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. त्याला "गार झाली" समजून निघू नका.

"पुढच्या धाब्यापर्यंत नेऊ" हा मोह टाळा. तापलेलं इंजिन पाच मिनिटं चालवलं तरी हेड वाकू शकतं, आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरला जात नाही. धोक्याचे लुकलुकणारे दिवे (हॅझार्ड लाइट) लावून माणसांना गाडीतून उतरवा, कठड्याच्या पलीकडे, वाहतुकीपासून लांब सावलीत बसवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदत लाइन आहे, विम्यातली रस्त्यावरची मदत घेतली असेल तर तो नंबर फोनमध्ये आधीच ठेवा.

तासाभराने, पूर्ण गार झाल्यावरच कॅप उघडा. जवळ कूलंट नसेल तर पिण्याचं साधं पाणी चालेल, पण हळूहळू. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. तडा दाबाच्या टाकीला असेल तर पाणी भरून घाट चढायचा प्रयत्न करू नका, टो करून घ्या. घरी आल्यावर ते पाणी काढून योग्य कूलंट भरून घ्या.